वरची खोली

२ मार्च २०२५, रविवार
खोताची वाडी, गिरगाव

प्रिय कॅरिसा,

उत्तराला इतका उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. तुझं पत्र नाताळनंतर आलं आणि आता या आठवड्यात राखेचा बुधवार येईल. कामात होतो असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. कामात नव्हतो. मी रोजनिशीत दिवसाच्या शेवटी उद्याचं एक काम लिहून ठेवतो, हे तुला माहीत आहे. तू लहान असताना त्यावरून मला चिडवायचीस. तर जानेवारीपासून तिथे बहुतेक रोज एकच ओळ आहे: ‘कॅरिसाला उत्तर.’

फोन करता आला असता. पण फोनवर मी लगेच वाद घालायला लागतो आणि तुमच्या कॉन्व्हेंटच्या फोनपाशी कायम कुणीतरी उभं असतं. तू मराठीत लिहिलंस ते बरं केलंस. डॅडींनी आपल्याला मराठी शाळेत घातलं तेव्हा वाडीतले हसले होते, पण इंग्रजीत मी फार लवकर सभ्य होतो आणि मग खरं काही लिहून होत नाही.

मम्माचं सांगतो. नोव्हेंबरात पडल्यापासून ती खालीच, पुढच्या खोलीत असते. खुब्याचं हाड जुळलं, पण जिना आता तिला कधीच चढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. खाटेवरून तिला दार दिसतं आणि दारातून अख्खी वाडी. कोण कुणाकडे किती वेळ बसलं, हे तिला सगळं ठाऊक असतं. डोक्याशी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्या शेजारी तुझा अखेरच्या व्रतांच्या दिवशीचा फोटो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, “सिस्टरच्या आई कशा आहेत?” त्या दिवशी मम्मा सकाळपासून केस विंचरून बसलेली असते.

आता हसू नकोस. संध्याकाळची रोझरी मी सांगतो. तिला बसून सांगताना धाप लागते आणि रोज कुणाला बोलवायचं? पहिल्याच दिवशी, गुरुवारी, मी मंगळवार-शुक्रवारची दुःखाची रहस्यं काढली. मम्मा डोळे न उघडता म्हणाली, “आज गुरवार हाय. त्याला रोज रोज खिळे कशाला ठोकतोस?” आता जमतं. सुरुवातीला ‘माझा विश्वास आहे’ असं म्हणायचं असतं, तिथे मी खोकतो. बाकीचे शब्द तिच्यासाठी म्हणायला मला जड जात नाहीत, पण ते वाक्य माझ्या नावानं म्हणायचं असतं. शेजारची अँड्रिया कधी कधी येऊन बसते. परवा म्हणाली, “ऑस्टिन, तू आता पाद्रीच हो. नाहीतरी लग्न केलं नाहीस.”

आता तू विचारलेलं. लिहिता लिहिता मी त्याच्याभोवती फिरतोय, हे मलाही दिसतंय.

तू लिहिलंस की तू व्रतांतून मोकळं होण्यासाठी अर्ज केला आहेस. रोमहून उत्तर यायला वेळ लागेल, पण तोवर बाहेर राहायची मुभा मिळेल. ‘देव आहे की नाही हा तुझा प्रश्न, ऑस्टिन,’ असं तू लिहिलंस. ‘मी इतकी वर्षं नुसती घंटेला उत्तर देतेय. सकाळी खिडकी उघडायची की नाही हे मला एकदा स्वतः ठरवायचं आहे. घरी येऊ का?’

तू कॉन्व्हेंटमध्ये निघालीस त्या दिवशी मी तुझ्याशी किती भांडलो होतो. तू स्वतःच्या पायांनी तुरुंगात चालली आहेस, असं म्हणालो होतो. तेव्हापासून मी अशाच पत्राची वाट पाहतोय, असं मला वाटायचं. पत्र आलं आणि मला आनंद झाला नाही. का झाला नाही, ते मी शोधतो आहे.

तुझी खोली आहे. आत्ता एवढंच लिहितो. ईस्टर होऊ दे, मग सविस्तर बोलू.

ऑस्टिन


१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

प्रिय कॅरिसा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. ‘हो किंवा नाही लिही, मी दोन्ही वाचू शकते,’ हे तू रागानं लिहिलं नाहीस, हे अक्षरावरून कळतं. रागानं लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी अँड्रियानं चर्चमधून मम्मासाठी आशीर्वादित झावळी आणली. मम्मानं तिचा छोटा क्रूस वळला आणि मला तुझ्या फोटोच्या मागे खोचायला लावला. मग म्हणाली, “पुढच्या महिन्यात पाचारणाचा रविवार. फादरांना सांग, या वर्षी मना येता येणार नाय, तर मेणबत्ती घरी पाठवा.” पाचारणाच्या रविवारी पाद्र्यांच्या आणि सिस्टरांच्या आयांना पुढच्या बाकावर बसवतात आणि पेटती मेणबत्ती हातात देतात. इतकी वर्षं तिनं तो रविवार चुकवला नव्हता. डॅडी गेल्यावर कारखान्याचं पेन्शन थोडं आणि मी असा, रविवारी चर्चमध्ये मिसा चालू असताना घराच्या दारात पेपर वाचत बसणारा. तिच्यापाशी पुढचा बाक होता. तो तुझ्यामुळे होता.

म्हणून हे लिहितो. तू आत्ता येऊ नयेस, असं मला वाटतं.

मम्माला सांगायचं कसं, मला कळत नाही. ती या वयात हे सोसेल असं वाटत नाही. वाडीत दोन दिवसांत सगळ्यांना कळेल, लोक समाचाराला आल्यासारखे येतील आणि ती खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांना उत्तरं देईल. तिला उठून आत जाता येत नाही, कॅरिसा. तू इतकी वर्षं काढलीस. मम्मा आहे तोवर आणखी थोडं थांब. मग हे घर तुझंच आहे.

मी हे तीनदा वाचलं. ‘धर्म माणसाच्या स्वातंत्र्यावर गदा आणतो’ असं मी गेली पंचवीस वर्षं सभांमधून बोलतो आणि धाकट्या बहिणीला लिहितो की थांब. मला यातली विसंगती दिसत नाही असं नाही. पण मी मम्माला रोज बघतो, तू बघत नाहीस. हे तुला लागेल म्हणून लिहिलेलं नाही. की लागावं म्हणूनच लिहिलंय? ठरवता येत नाही. ठरेपर्यंत थांबलो तर पुन्हा दोन महिने जातील, म्हणून पाकीट आत्ताच बंद करतो.

ऑस्टिन


२५ मे २०२५, रविवार

कॅरिसा,

या वेळी पाकिटावर दादरचा पत्ता लिहितोय. मी तुला जिथे समजत होतो तिथे तू ईस्टरनंतर नव्हतीसच. माझं झावळ्यांच्या रविवारचं पत्र तुला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं आणि ते पिशवीत घालून तू दादरला उतरलीस, महिलांच्या वसतिगृहात. गिरगाव तिथून अर्ध्या तासावर. तू घरी आली नाहीस, कारण मी येऊ नको म्हटलं होतं.

तुझी चिठ्ठी लहान आहे, त्यामुळे मला ती पाठ झाली आहे. आधी निघाल्याची तारीख, पत्ता आणि क्लासमधली शिकवायची नोकरी, मग एवढंच: ‘पेपरात सूचना वाचून तुझं व्याख्यान ऐकायला आले होते. चांगलं बोललास. शेवटचा प्रश्न मीच विचारणार होते, त्या बाईंनी विचारला. तुझं उत्तर ऐकून निघाले. आमच्या खोलीत आम्ही तिघी आहोत. माझा प्रश्न खोलीचाच आहे. उत्तर असेल तेव्हाच भेटायला ये.’

तर त्या संध्याकाळचं मी लिहितो. तू शेवटपर्यंत थांबली नव्हतीस.

हॉल लहान होता, दादरला आमच्या बुद्धिवादी मंडळाला मिळतो तो. विषय मीच दिला होता: धर्म आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य. मी म्हणालो की धर्म माणसाला बांधतो तो भीतीनं कमी आणि सवयीनं जास्त. काय खायचं, कुणाशी लग्न करायचं, मेल्यावर कुठे जायचं हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं आणि आपण त्याला आपली निवड म्हणतो. हे मी आजही मानतो. तुला वाईट वाटेल म्हणून हे मागे घेणार नाही. मग घोडपदेवहून आलेल्या त्या बाई उठल्या. तेजस्वी त्यांचं नाव, ते त्यांनी आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही बाहेर पडा म्हणता. मी पडले. सासरी रोजचं सोवळंओवळं, उपास, ते सगळं सोडून आले. पण बाहेर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. रात्री झोपायचं कुठे माणसानं?”

आणि मी म्हणालो, “ताई, प्रश्न खोलीचा नाही, मनाचा आहे. मन मोकळं झालं की जागा मिळते.”

टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, हेही लिहितो. नंतर त्या बाई चहाला थांबल्या नाहीत. त्यांच्या घरची चौकशी करायचं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटच्या रांगेत निळा कुर्ता घातलेली, आखूड केसांची कुणीतरी उठून गेली, ते मी पाहिलं होतं. ओळखीची वाटली. पण तुझं डोकं मी वीसेक वर्षांत उघडं पाहिलेलं नाही. तुझे केस पिकलेत, कॅरिसा. डॅडींसारखे, कानांवरून.

आता जे लपवलं ते. मार्चमध्ये ‘तुझी खोली आहे’ असं मी लिहिलं. खोली आहे हे खरं. तिच्यात माझी पुस्तकं आहेत. मम्मा पडल्यावर आधी दोन कपाटं वर गेली, मग भिंतीला फळ्या आल्या, मग जमिनीवरून थप्प्या. तुझी खाट सुटी करून मी माळ्यावर टाकली. लिहायचं टेबल खिडकीपाशी आहे. तू जी खिडकी उघडायचीस, ती आता टेबलामुळे अर्धीच उघडते. मम्माला यातलं काही माहीत नाही. तिचा जिना बंद झाला आहे. तुझा पलंगपोस अजून तसाच अंथरलेला आहे, असं ती धरून चालते. मी रोज रात्री वर जाऊन दार लावतो. खाली उतरल्यावर ती विचारते, “पोरीच्या खोलीत पाणी तर गळत नाय ना?” मी नाही म्हणतो. पाणी खरंच गळत नाही.

एप्रिलमध्ये मी सगळं मम्मावर घातलं. ते खोटं नव्हतं. पण तू घरी आली असतीस तर मला ती खोली सोडावी लागली असती, हे तेव्हाही मला माहीत होतं आणि ते मी पत्रात लिहिलं नाही. किती भाग मम्मा आणि किती भाग खोली, हे मी ठरवायचा प्रयत्न केला. ते आता वेगळं काढता येत नाही.

मी नेहमी म्हणायचो की देवानं तुला आत कोंडलंय. एप्रिलमध्ये तुला आत ठेवायला देव लागला नाही. मी पुरलो.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर तुझ्या गल्लीत आलो होतो. वसतिगृहाच्या फाटकापर्यंत. वॉचमननं विचारलं, “किसको मिलना है?” मी म्हटलं, कुणाला नाही. तू उत्तर असेल तेव्हाच ये असं लिहिलं होतंस आणि माझ्यापाशी ते नव्हतं. समोरच्या दुकानात लिंबू सरबत घेतलं आणि परत आलो.

मम्माला सांगायचं राहिलं आहे. ते आधी.

ऑस्टिन


८ जून २०२५, रविवार

प्रिय कॅरिसा,

काल संध्याकाळी सांगितलं. रोझरी झाल्यावर, ती माळ डबीत ठेवत असताना. मी खूप तयारी केली होती, कुठून सुरुवात करायची वगैरे. शेवटी एवढंच म्हणालो, “मम्मा, कॅरिसा आता सिस्टर नाही.”

मी जसं झालं तसं लिहितो. सुधारून लिहिलं तर ते माझं होईल.

बराच वेळ तिनं डबीचं झाकण लावलं नाही. मग विचारलं, “कवापासून?”

“ईस्टरपासून. दादरला राहते. एका क्लासमध्ये शिकवते.”

“आजारी हाय?”

“नाही.”

“कोण माणूस भेटला?”

“नाही गं. तिला नको होतं, एवढंच.”

“तुज्यासारखी झाली? देव नाय म्हणते?”

मी म्हणालो, माहीत नाही, तिनं तसं लिहिलेलं नाही. हे म्हणताना मला कळलं की मी तुला ते कधी विचारलंच नाही. तू माझ्या बाजूला आलीस असं मी धरूनच चाललो होतो.

मग ती रडली. आवाज न करता, दाराकडे पाठ करून, म्हणजे वाडीला दिसू नये म्हणून. त्या कुशीवर वळायला तिला त्रास होतो. मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. मला वाटलं, मी बरोबर होतो, हे सांगायला नको होतं.

थोड्या वेळानं भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, “दादरला उतरली आणि घरी आली नाय. का नाय आली?”

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी सांगितलं की तिनं डिसेंबरात विचारलं होतं आणि मी तिला थांब म्हणून लिहिलं.

“कवापर्यंत थांब?”

मी तुझ्या फोटोमागच्या झावळीच्या क्रूसाकडे बघत होतो.

“मी मरेपर्यंत?”

“तसंच नाही लिहिलं.”

“पण तसाच लिवलास.” ती वळली. तिचा चेहरा असा मी डॅडींच्या मयतालाही पाहिला नव्हता. “मना विचारलास? हिते पडले हाय, तोंड शाबूत हाय. मना विचारलास?”

“तुला सोसलं नसतं. पुढचा बाक, मेणबत्ती, फादर…”

“नायच सोसत. आता काय सोसलं?” मग जरा दम खाऊन म्हणाली, “तू रोज माज्यासमोर खोकतोस, त्याच जागी. दमा हाय तुला? मना कळत नाय असा वाटला? मी सोसलाच ना? बोलले एका शब्दानं?”

कॅरिसा, इतके महिने तो खोकला ही माझी प्रामाणिकपणाची शेवटची जागा आहे असं मी समजत होतो. तिला तो पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होता आणि तिनं तो मला ठेवू दिला होता.

मग तिनं विचारलं, “वरची खोली झाडलीस?”

मी तेही सांगितलं. पुस्तकं, टेबल, माळ्यावरची खाट.

“तिच्या खोलीत तुजी पुस्तकं,” ती म्हणाली. “माणसानं मोकळा राहावा, ती पुस्तकं?”

“हो.”

“मग ती झोपल कुठं? पुस्तकांवर?”

त्यानंतर ती जेवली नाही. तिनं फोटो काढायला सांगितला. मी खिळ्यावरून उतरवला, तर म्हणाली, तिथेच ठेव, भिंतीवर डाग दिसतो. आज सकाळी अँड्रिया मिसाहून आली तेव्हा मम्मानं स्वतःच तिला सांगितलं. “आमची कॅरिसा परत आली. दादरला हाय.” परत आली असं म्हणाली, सोडून आली असं नाही. मग तोंड फिरवून म्हणाली, “पुढच्या बाकावर आता तू बस. तुजी पाठ नायतरी दुखते.” अँड्रिया माझ्याकडे बघत राहिली. मम्माच्या ओठाचा एक कोपरा हलत होता. तो विनोद होता की नाही, मी सांगू शकत नाही.

हे सगळं गोड झालं असं समजू नकोस. दुपारी ती पुन्हा रडली. वाडीतल्या दोघीतिघी येऊन गेल्या, मी म्हटलं होतं तशाच, आवाज खाली करून. तिनं सगळ्यांना उत्तरं दिली आणि ती दमली. आज संध्याकाळी तिनं मला रोझरी सांगू दिली नाही. “आज मी एकटी बोलते,” म्हणाली. धापा टाकत एकेक मणी ओढत होती. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो. मध्ये तिला शब्द सापडेना, तर मी बाहेरून सांगितला. तिनं तो घेतला आणि पुढे गेली.

तिनं ‘ये’ असं म्हटलेलं नाही. तिनं म्हटलं असं मी सांगितलं तर तू येशील आणि ते पुन्हा माझं ठरवणं होईल. ती एवढंच म्हणाली, “दादरला काय खाते ती? मेसमधला बोंबील बोंबलासारखा लागत नाय.” याचा अर्थ तू लाव.

मी काय लिहायचं? एप्रिलमधलं पत्र परत मागता येत नाही. तू ते पिशवीत ठेवून दादरला दीड महिना तिघींच्या खोलीत झोपलीस, हे आता झालेलं आहे. माफी मागितली तर ती देण्याचं काम पुन्हा तुझ्यावर येतं. म्हणून मी फक्त काय केलं ते लिहितो.

आज दुपारभर पुस्तकं बाहेरच्या जिन्यावरून खाली आणली. अर्धी व्हरांड्यात आहेत. अँड्रिया म्हणाली, “दुकान काढलंस? डिस्काउंट किती?” काही मंडळाला देईन, काही माझ्या खाटेखाली जातील. टेबलही उतरवलं. खिडकी पूर्ण उघडली. बिजागरी गंजली आहे, पण उघडते. भिंतीला फळ्यांची भोकं राहिली आहेत, ती बुजवायला वेळ लागेल. दाराला आतून कडी नव्हती, आपण लहान होतो तेव्हा डॅडींनी काढली होती. ती बसवली. बाहेरची कडी काढून टाकली.

तू आलीस तर रविवारी मिसाला जाशील की नाही, मी विचारणार नाही. गेलीस तर मी दारात पेपर वाचत बसणार नाही. आत बसेन. तुला इथे यायचंच नसेल, तिघींची खोलीच बरी वाटत असेल, तर तेही लिही. खोली तरीही रिकामीच राहील. मी तिच्यात परत जाणार नाही.

हे पाकीट पोस्टात टाकणार नाही. उद्या संध्याकाळी दादरला येऊन वॉचमनकडे देईन. या वेळी त्यानं विचारलं तर तुझं नाव सांगेन. वर बोलवायची गरज नाही.

रात्र झाली. मम्मा अजून जागी आहे. आत्ताच विचारलं, “वर कसला आवाज करत होतास?” मी सांगितलं. ती म्हणाली, “खाटेचा एक पाय आखूड हाय. खाली लाकूड घाल.” मला हे माहीत नव्हतं.

ऑस्टिन

उद्या: माळ्यावरून कॅरिसाची खाट उतरवून जोडणे.